पट्टी सुटल्यानंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवी-नववीत गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं आणि मधल्या पायऱ्या दाखवल्या नसल्या, तर ते निम्मे गुण कापायचे. तेव्हा राग यायचा. पुढे डोळ्यांचा डॉक्टर झाल्यावर त्या कापलेल्या गुणांची आठवण वेगळ्या कारणाने येत राहिली. आजच्या विषयात ते कारण येईलच.

सुरुवातीला एक विनंती. ज्यांचं स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांनी जरा हात वर करा. बघा, वर न गेलेले हात मोजणं सोपं आहे. आता दुसरा प्रश्न. घरी सोडताना ‘डोळ्यात अमुक झालं तर त्याच दिवशी या’ असं तुम्हाला कुणी नीट समजावून सांगितलं होतं का? आता हात मोजावेच लागत नाहीत. दोन प्रश्नांच्या मधल्या या फरकाबद्दल मला आज बोलायचं आहे.

कुणी घाबरून ऑपरेशन रद्द करू नये, म्हणून आधीच सांगतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही वैद्यकातल्या सर्वांत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक आहे. 2015 ते 2019 या काळात देशात अंधत्वाचं सर्वेक्षण झालं. त्यात पन्नाशीपुढच्या अंध माणसांपैकी सुमारे 66 टक्क्यांच्या अंधत्वाचं कारण मोतीबिंदू निघालं. म्हणजे इतकी माणसं केवळ ऑपरेशन न झाल्यामुळे चाचपडत होती. ‘अजून पिकला नाही’ म्हणून दोन-दोन वर्षं थांबणारे तर आजही आहेत. तेव्हा ऑपरेशन जरूर करून घ्या. आज बोलायचं आहे ते हजारात एखाद्याच्या, किंवा त्याहूनही कमी लोकांच्या वाट्याला येणाऱ्या गोष्टीबद्दल. ती म्हणजे ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत होणारा जंतुसंसर्ग. आम्ही त्याला एन्डॉफ्थॅल्मायटिस म्हणतो. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

हजारात एक म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण आपल्या देशात वर्षाला साठ लाखांच्या वर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात. हजारात एक सोडा, दोन हजारांत एक धरला, तरी वर्षाला तीन हजार डोळे होतात. गुरुजींच्या विद्यार्थ्याने एवढा हिशेब करायलाच हवा.

हा संसर्ग इतका वाईट का? बोटाला गळू झालं तर शरीर त्याच्याशी लढतं, रक्तातून पांढऱ्या पेशी येतात, गोळी घेतली की औषधही तिथे पोचतं. डोळ्याचा मागचा मोठा भाग मात्र अंड्याच्या पांढऱ्यासारख्या पारदर्शक गराने भरलेला असतो. त्याचं नाव व्हिट्रियस. तो जेमतेम चार मिलिलीटर, म्हणजे चमचाभरही नाही. त्यात रक्तवाहिनी नाही. असती तर आपल्याला त्यातून दिसलं नसतं. पण रक्तवाहिनी नाही म्हणजे शिपाईही नाहीत. शिवाय रक्त आणि डोळा यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक नाका बसवलेला आहे. पोटातून घेतलेलं बहुतेक औषध तो पुरेसं आत सोडत नाही. जंतूंना मात्र आत ऊब आहे, खायला आहे आणि हटकणारं कुणी नाही. अनुकूल जागी जिवाणूंची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकते. आणि त्या गराच्या मागे डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल असतं. ते एकदा खराब झालं की बदलून मिळत नाही. भिंग बदलता येतं, बुबुळाचं रोपण होतं, पण पडदा विकत मिळत नाही.

हे जंतू येतात कुठून? एकेकट्या रुग्णाला संसर्ग होतो, तेव्हा बहुतेकदा ते त्याच्याच पापण्यांच्या काठावरचे असतात. 1991 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संसर्ग झालेल्या डोळ्यांच्या आतले जंतू आणि त्याच रुग्णांच्या पापण्यांवरचे जंतू जनुकीय पातळीवर ताडून पाहिले गेले. 17 पैकी 14 जणांत ते एकच निघाले. हे जंतू आपल्या त्वचेवर जन्मभर राहतात आणि त्रास देत नाहीत. अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून एखादा आत गेला की तोच घात करतो.

त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय तुम्ही अनुभवला आहे. टेबलावर झोपवल्यावर डोळ्यात एक तपकिरी औषध टाकतात आणि ते चुरचुरतं. ते पाच टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन. किंमत अगदी किरकोळ. मात्र ते टाकून तीन मिनिटं थांबावं लागतं. टेबलावर पुढचा रुग्ण तयार असताना आणि बाहेर वीस जण हिरव्या टोप्या घालून बसलेले असताना ही तीन मिनिटं फार लांब वाटतात. घड्याळ न बघता थांबणारा माणूस दीड मिनिटातच ‘झालं’ म्हणतो. मीही म्हणालो आहे. म्हणून पुढे आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावलं आणि वेळ मोजायचं काम सिस्टरकडे दिलं.

दुसरा उपाय त्यामानाने नवा आहे. शस्त्रक्रिया संपताना डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात प्रतिजैविकाचा अगदी थोडा डोस सोडतात. युरोपात जवळपास 16 हजार रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला. औषध न मिळालेल्या गटात संसर्ग सुमारे पाचपट दिसू लागला, तेव्हा तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्याचे अंतिम निष्कर्ष 2007 मध्ये आले. पण मला जास्त अभिमान आपल्याकडच्या कामाचा आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने 2017 साली सहा लाखांहून अधिक डोळ्यांची आकडेवारी मांडली. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आत न सोडता दहा हजारांत सात जणांना संसर्ग होत होता. ते सोडायला लागल्यावर हे प्रमाण दहा हजारांत दोनवर आलं. हे रुग्णालय डॉ. व्यंकटस्वामी यांनी 1976 मध्ये निवृत्तीनंतर 11 खाटांवर सुरू केलं होतं. खर्च कमी, संख्या अफाट आणि तरी संसर्ग इतका कमी. ‘एवढी ऑपरेशनं केल्यावर असं व्हायचंच’ असं कुणी म्हणालं, की मी मदुराईचं नाव घेतो.

आता पाण्याविषयी. इथे थोडा जास्त वेळ घेईन, कारण वर्तमानपत्रात येतं ते याबद्दलच.

एका रुग्णाला संसर्ग झाला तर ते दुर्दैव असू शकतं. एकाच दिवशी, एकाच टेबलावर ऑपरेशन झालेल्या सहा जणांना झाला, तर त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. कुठली तरी पायरी गाळली गेलेली असते. तमिळनाडूत 2008 मध्ये एका शिबिरातल्या 66 जणांची दृष्टी गेली. मध्य प्रदेशात बडवानीला 2015 मध्ये चाळीसहून अधिक जणांचं तेच झालं. आपल्या मुंबईत 2019 च्या जानेवारीत महापालिकेच्या एका रुग्णालयात अशी घटना घडली. बिहारमध्ये मुझफ्फरपूरला 2021 च्या नोव्हेंबरात एका दिवसात 65 ऑपरेशनं झाली आणि नंतर पंधराच्या आसपास लोकांचे डोळेच काढून टाकावे लागले. डोळा काढतात तो संसर्ग पुढे पसरू नये म्हणून. बाई किंवा बुवा दिसायला लागेल म्हणून आलेले असतात, आणि परत जाताना खोबण रिकामी असते. याहून जास्त वर्णन मी करणार नाही.

अशा सामूहिक घटनांत ज्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं, तो जंतू म्हणजे स्यूडोमोनास. हा पाण्यात राहणारा गडी. साध्या नळाच्या पाण्यात असू शकतोच, पण ज्यात खायला काही नाही असं आपल्याला वाटतं, त्या डिस्टिल्ड वॉटरमध्येही तो वाढू शकतो. नळीच्या आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो आणि त्या थराखाली औषधालाही सहज दाद देत नाही. हिरवट रंग सोडतो. डोळ्यात शिरला तर एक-दोन दिवसांत डोळ्याचा चिखल करू शकतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात पाणी किती ठिकाणी असतं, बघा. डोळ्यात सतत सोडायचं सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट. मोतीबिंदू फोडून शोषून घेणाऱ्या फेको यंत्राच्या नळ्या. भिंगाचं आवरण रंगवायचं निळं औषध. डोळा फुगवून धरायची जेली. हात धुवायची टाकी. एसीच्या पाण्याचं ठिबक. हत्यारं धुवायचं भांडं. यातल्या कुठल्याही एका ठिकाणी स्यूडोमोनास बसला, की त्या दिवसाच्या यादीतला प्रत्येक डोळा त्याच्यासमोर रांगेत येतो. एक बाटली चार रुग्णांना पुरवली, तर ती बाटलीच चारही डोळ्यांना जोडते.

आणि ऑटोक्लेव्ह! ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर, एवढं समजलं तरी पुरे. 121 अंश तापमान, चौरस इंचाला 15 पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं. इथल्या आया-बहिणींना मी काय सांगावं? कुकरमध्ये डबे गच्च कोंबले की मधल्या डब्यातला भात कच्चा राहतो. शिट्ट्या बरोबर झाल्या, वेळ बरोबर झाली, पण वाफ फिरायला जागा नव्हती. ऑटोक्लेव्हचा ड्रम कापडांनी ठासून भरला की तेच होतं. ड्रमवर एक चिकटपट्टी लावतात. उष्णता लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. ते पट्टे बघून सगळे निश्चिंत होतात. पण पट्टी ड्रमच्या बाहेर असते. तिला उष्णता लागली, एवढंच ती सांगते. आतल्या घडीतले जंतू मेले का, ते तिला माहीत नाही. ते बघायला सर्वांत चिवट जिवाणूचे बीजाणू भरलेली एक छोटी कुपी ड्रमच्या मधोमध ठेवायची आणि नंतर ती उबवून बघायची. काही उगवलं नाही तर ड्रम पास. हे आठवड्यातून एकदा तरी व्हावं लागतं आणि वहीत लिहावं लागतं. त्या वहीत मागचे तीन महिने एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेले दिसले, की मला गुरुजींची लाल पेन्सिल आठवते. उत्तर बरोबर, पण पायऱ्या कुठे आहेत?

एखादी घटना बाहेर आली की पुढे काय होतं, तेही सांगतो. डॉक्टर निलंबित होतो, ओटीला सील लागतं, चौकशी समिती नेमली जाते. समिती येईपर्यंत त्या दिवशीच्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात गेलेल्या असतात. कुठल्या रुग्णाला कुठल्या बॅचचं सलाइन वापरलं, ते लिहिलेलं नसतं. मग अहवालात ‘निष्काळजीपणा’ हा एकच शब्द उरतो. त्या शब्दाने पुढच्या ठिकाणचा एकही डोळा वाचत नाही. मार्चअखेरचं उद्दिष्ट पूर्ण करायला फेब्रुवारीत यादी फुगवणाऱ्यांना समितीसमोर कधी बोलावत नाहीत, हेही माझं मत नोंदवून ठेवा. ते कुणाला आवडणार नाही.

आता एका आजींची गोष्ट सांगतो. खूप वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका रुग्णालयात नवा सर्जन होतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीही होती. गावोगाव तपासणी करून रुग्ण आमच्याकडे आणले जात. त्या दिवशी यादीत पस्तिसेक जण होते. आजी मध्यावर कुठे तरी होत्या. ऑपरेशन सुरळीत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी काढली, बोटं दाखवली, त्यांनी मोजली. मग शेजारी उभ्या असलेल्या नातवाकडे बघून म्हणाल्या, “ह्याच्या शर्टाला पट्टं हायत व्हय?” सगळा वॉर्ड हसला. मी त्यांना थेंब दिले, काळा चष्मा दिला आणि म्हणालो, “आजी, थोडं टोचेल, घाबरायचं नाही.” त्या एसटीने गावी गेल्या. तपासणीची पुढची तारीख आठवड्यानंतरची.

तिसऱ्या रात्री डोळा ठणकायला लागला. चौथ्या दिवशी सकाळी मुलाने तीन किलोमीटर सायकल मारून गावाबाहेरच्या बूथवरून रुग्णालयात फोन केला. ज्याने फोन घेतला, त्याने सांगितलं, ऑपरेशन झालंय, दुखणारच, थेंब चालू ठेवा आणि तारखेला या. त्याला कुणीही दोष देऊ नये. त्याला आम्ही कुणी काही शिकवलंच नव्हतं. थेंब चालू राहिले. शेजारणीने सांगितलं म्हणून एक दिवस गुलाबपाणीही घातलं गेलं. सातव्या दिवशी, ठरलेल्या तारखेला, आजी आल्या. पापणी टरारून सुजलेली. बुबुळ धुरकट. बुबुळामागे, खालच्या बाजूला, पुवाचा आडवा पांढरा थर बसलेला, ताकातला साका खाली बसतो तसा. बाहुलीत टॉर्चचा उजेड टाकला, तर नेहमीच्या लालसर झाकेऐवजी पिवळट काळोख. मी विचारलं, “आजी, इतकं दुखत होतं तर आधी का नाही आलात?” त्या म्हणाल्या, “दुखतंय तर हाय, पण कापलंय म्हटल्यावर दुखायचंच की. तुमीच म्हनला हुता, घाबरायचं न्हाई.”

आम्ही जे करायचं ते केलं. उजेड आहे की नाही एवढं त्यांना त्या डोळ्याने कळत राहिलं. नातवाच्या शर्टाचे पट्टे पुन्हा दिसले नाहीत.

जंतू आत शिरला तो टेबलावर, त्याची जबाबदारी आमची. पण डोळा गेला तो त्या फोनवर, असं मी आजही मानतो. चौथ्या दिवशी सकाळी त्या आल्या असत्या तर चित्र निराळं असतं. असं म्हणायला आधार आहे. अमेरिकेत 420 रुग्णांचा एक मोठा अभ्यास झाला आणि 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेत, डोळ्याच्या आत औषधाचं इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून थोड्या अधिकांची नजर पुढे वाचन-व्यवहाराला पुरेल इतकी चांगली झाली. त्याच अभ्यासात दिसलं, की शिरेतून महागडी प्रतिजैविकं दिल्याने जास्तीचा फायदा झाला नाही. औषध पोचायला हवं तिथेच, त्या गरात, सुईने सोडावं लागतं, तेही दोन थेंब, 0.1 मिलिलीटर. व्हॅन्कोमायसिन आणि त्याच्या जोडीला सेफ्टाझिडिम. नजर फक्त उजेडापुरती उरली असेल, तर तो गरच काढून टाकायची शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते. त्याआधी गराचा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवायचा, म्हणजे जंतू कोण ते कळतं. यातलं काहीही घरी, थेंबांच्या बाटलीने होत नाही. आणि गुलाबपाणी, मध, शेळीचं दूध, काजळ यांपैकी काही त्या डोळ्याजवळही जाऊ देऊ नका. गुलाबपाणीही पाणीच आहे, आणि पाण्यात कोण राहतो ते मघाशी सांगितलं.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. संसर्ग झालेल्यांपैकी जवळपास पावभाग लोकांना वेदना नव्हतीच. म्हणजे ‘दुखलं तर या’ हे वाक्यसुद्धा अपुरं आहे. नजर हे खरं माप. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर दिवसेंदिवस सुधारायला हवी. काल भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं आणि आज धूसर झालं, तर डोळा लाल नसला आणि दुखत नसला, तरी तो दिवस दवाखान्यात जाण्याचा. बहुतेक वेळा काहीतरी किरकोळ निघेल. निघू द्या. एसटीचं भाडं वाया जाईल.

अशा व्याख्यानात सुश्रुताचं नाव यायचंच, म्हणून श्रोते वाट बघत असतील. मीही घेतो, पण वेगळ्या कारणासाठी. त्याने मोतीबिंदू सळईने मागे सारण्याची शस्त्रक्रिया सांगितली, हे सगळे सांगतात. त्याने नंतर काय करायचं सांगितलं, ते कुणी सांगत नाही. रुग्णाने ढेकर, शिंक, खोकला आवरावा, आणि दर तीन दिवसांनी डोळा काढ्याने धुवावा. म्हणजे दर तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून कुणीतरी तो डोळा बघत होतं. लाली, सूज अशा उपद्रवांची यादीही त्याने दिली आहे. काढा सोडून द्या. पण तिसरा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. आमचे रुग्ण दुसऱ्या दिवशी पट्टी सोडून घरी जातात आणि बहुतेक संसर्ग त्यानंतरच्या आठवड्याभरात डोकं वर काढतात. नेमक्या त्या दिवसांत त्यांच्याकडे बघायला कुणी नसतं.

आजींच्या घटनेनंतर मी स्वतःचा दवाखाना काढला, तेव्हा काउंटरवर एक लांबट वही ठेवली. ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा फोन आला की त्यात लिहायचं. कुणाचा, किती वाजता, काय म्हणाला, कुणी उत्तर दिलं. आणि उत्तर द्यायचं ते एकच, ‘लगेच या’. ‘थेंब चालू ठेवा’ असं म्हणायची मुभा काउंटरला नाही. ती मला आहे, पण डोळा बघितल्यावर. त्या वह्यांची आता अडीच-तीन फूट उंच थप्पी झाली आहे. पंचवीसेक वर्षांत त्यातल्या बहुतेक नोंदींपुढे ‘किरकोळ’ असं लिहिलेलं आहे. जिथे तसं लिहिलेलं नाही, त्यांतले बरेच जण आज वर्तमानपत्र वाचतात. एक तर याच सभागृहात, तिसऱ्या रांगेत बसले आहेत. नाव सांगणार नाही, त्यांना संकोच वाटेल.

कार्यकर्त्यांनी चिठ्ठी दिली आहे, वेळ संपली. प्रश्नोत्तरं अध्यक्षांच्या भाषणानंतर होतीलच. पण गेल्या पंधरा-वीस दिवसांत तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल आणि डोळा लाल असेल, दुखत असेल किंवा कालच्यापेक्षा आज कमी दिसत असेल, तर अध्यक्षांचं भाषण संपायची वाट बघू नका. मी बाहेर व्हरांड्यात थांबतो. टॉर्च खिशात आहे.